हंटरचा डावा पंख

३ ऑगस्ट १९६७

वेड लागलंय मला. शेहेचाळीस वर्षांची बाई, आणि आज दुपारभर प्लास्टिकच्या विमानाचे तुकडे चटईवर मांडून बसले होते!

एमिलियाने आणून दिलं. ती आमची घरमालकीण, मरोळ गावठाणातल्या या दोन खोल्या तिच्याच. तिचा भाऊ इसिडोर बोटीवर स्टुअर्ड आहे. इंग्लंडातल्या एका दुकानात त्याला पिशवीवर 'हंटर' हे नाव दिसलं आणि आठवलं, जानकीचा, म्हणजे माझा, चंदू याच विमानावर आहे. म्हणून घेऊन आला. लहान मुलांसाठी असतं म्हणे. तिकडची लहान मुलं फारच शहाणी असणार.

राखाडी काड्यांना तुकडे लटकलेले, वेलीला शेंगा लटकतात तसे. प्रत्येकाशेजारी आकडा. एकेक सोडवायचा, घासायचा, चिकटवायचा आणि जेटविमान तयार. पंखावर रेघा, रेघांवर खिळ्यांचे ठिपके. बोट फिरवलं तर रव्यासारखे लागतात. पंख केवढा? माझ्या करंगळीपेक्षा थोडा मोठा! ज्याने हा साचा कोरला त्याचे पाय धुवून तीर्थ घ्यावं.

हे यायच्या आत सगळं गोळा करून शिवणाच्या मशीनच्या खणात लपवलं. या वहीशेजारी.

६ ऑगस्ट, रविवार

हे घरी. म्हणजे विमान खणात.

चंदूचा विषय या घरात काढायचा नाही, हा अलिखित नियम. दोन वर्षं झाली. ह्यांनी साकीनाक्याच्या आपल्या कारखान्यात फोरमनच्या मागे लागून लागून त्याच्यासाठी अप्रेंटिसची जागा मिळवली होती. फिटरचा मुलगा फिटर — ह्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. आणि हा पठ्ठ्या सोमवारी कामावर हजर व्हायच्या ऐवजी मॅट्रिकचा दाखला घेऊन विमानदलाच्या भरतीच्या रांगेत! फोरमनसमोर ह्यांचं नाक कापलं गेलं. चंदू पेटी घेऊन निघाला तेव्हा हे दारातून म्हणाले, "थंय तुका विमानाक कोण हात लावूक देतलो?"

एवढंच. पण चंदूचा चेहरा मला अजून दिसतो. त्या दिवसापासून ह्यांच्या तोंडी त्याचं नाव नाही. त्याची पत्रं एमिलियाच्या पत्त्यावर येतात, आणि मी तिच्या ओसरीत बसून वाचते. चोरासारखी. स्वतःच्या मुलाची पत्रं!

११ ऑगस्ट

पत्र आलं. दिवाळीला वीस दिवसांची रजा मिळतेय. वाचून मी ओसरीत उठून उभीच राहिले. मग पुढची ओळ: 'बाबांनी स्वतः बोलावलं तरच घरी येईन. तू बोलावलेलं चालणार नाही, आई. नाहीतर एका मित्राच्या गावी जाईन, जालंधरकडे.'

बापाचा मुलगा. दोघांच्याही मानेला वळायचं ठाऊक नाही आणि मध्ये मी. ह्यांच्या हातचं दोन ओळींचं एक कार्ड, बस्स, तेवढंच हवं आहे. त्यापेक्षा अंधेरीचं स्टेशन उचलून मरोळला आणणं सोपं.

बाकी पत्रभर विमान. पायलटसाहेब यायच्या आधी तो शिडी लावतो. साहेब आत बसले की वर चढून त्यांचे पट्टे आवळतो. काचेवरून फडकं फिरवतो. पुढे हात दाखवला की गर्जना होते आणि पोटातलं पाणी हलतं. तीन वेळा वाचलं. ज्याला स्वतःच्या सदऱ्याचं बटण धड लावता येत नव्हतं, त्याच्या हातात आता एका माणसाचा जीव! ऊर भरून आला.

ठरवलं. हे विमान मी पुरं करणार. तो काय करतो ते मला हाताने कळायला हवं.

१४ ऑगस्ट

अंगाची दोन अर्धुकं जोडली. आधी आत आसन, आसनावर शेंगदाण्याएवढा पायलट. मग कडेने गोंद फिरवून दोन्ही अर्धुकं दाबली आणि वाळेपर्यंत कपडे वाळत घालायचे पाच चिमटे लावले. गोंदाच्या वासाने डोकं गरगरलं. पण सांधा असा बसलाय की नखाला लागत नाही.

१५ ऑगस्ट

हे विचारत होते, घरात वास कसला. ढेकणांचं औषध मारलंय म्हटलं. ढेकूण कधी झाले म्हणाले.

२१ ऑगस्ट

पंख लावले. शेपूट लावली. चाकं लावली. मशीनच्या फळीवर ठेवलं आणि मागे सरून बघितलं — विमान शेपटीवर बसलं! नाक वर आढ्याकडे. पुढे टेकवावं, सोडावं, पुन्हा बसकण.

एमिलियाला इंग्रजी वाचता येतं. तिच्याकडून कागद वाचून घेतला. पहिल्याच चित्राखाली लिहिलेलं: चिकटवण्यापूर्वी नाकात वजन घाला. चिकटवण्यापूर्वी! चित्रं बघून सगळं कळतं म्हणणाऱ्या जानकीबाई, घ्या आता.

एमिलिया हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "थांब गो, रडतेस काय? शिसं मी देते." तिची मावशी गोराईला राहते, तिथे घरात मासेमारी. जाळं बुडावं म्हणून खाली ओवतात ते शिशाचे मणी एमिलियाकडे डबाभर. ब्लेडने नाकाचा सांधा थोडा थोडा उघडला. तीन मणी मेणात बसवून आत सारले. पुन्हा चिकटवलं. ठेवलं.

तिन्ही चाकांवर उभं! गोराईच्या शिशावर इंग्लंडचं विमान. मी एमिलियाला मिठीच मारली.

२ सप्टेंबर

रंग. चंदूने कळवलंय: वरून गडद हिरवा आणि करडा, पोटाला चंदेरी. हिरवा एमिलियाच्या खिडक्यांचा उरलेला, त्यात काजळी घालून. चंदेरी ट्रंकेला लावायचा. ब्रशही तिचाच, घरातल्या मदर मेरीच्या मूर्तीचे डोळे रंगवायला आणलेला, चार केसांचा. ती म्हणाली, "मेरी काय बोलायची नाय, तिचा पण मुलगाच होता."

मी हसले. मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

९ सप्टेंबर

आज जे जमलं ते या वहीत सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवं. पिशवीतल्या गोल चकत्या इंग्रजांच्या विमानदलाच्या, निळ्या-लाल. त्या काय कामाच्या! आपल्या विमानावर आपला गोल हवा: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. पण शेंगेच्या दाण्याएवढा गोल ब्रशने काढणार कसा? चार वेळा काढला, चार वेळा पुसला. अंडं होत होतं.

मग कुंकवाचा करंडा समोर दिसला. कपाळावर गोल कुंकू उठवायचे माझे पितळी छाप! लहान-मोठे तीन आहेत, लग्नातले. मोठा केशरी रंगात बुडवून टेकवला. वाळल्यावर मधला, पांढरा. मग सगळ्यात लहान, हिरवा. असे गोल उठले की कारखान्यातसुद्धा उठणार नाहीत. सवाष्णीचं कुंकू भारताच्या विमानदलाला लागलं. कुणाला सांगू?

चंदूला विचारलं होतं, शिडी कुठल्या बाजूला लावतात. दहा दिवसांनी उत्तर आलं: डाव्या.

२८ सप्टेंबर

पुरं झालं. आज खिडकीतल्या उन्हात धरलं. दोन्ही पंख मागे वळलेले, घार झेप घेताना घेते तसे. कुठेही धर, नजर घसरत नाकापासून शेपटीपर्यंत जाते. विमान आहे हे विसरून नुसती रेघ म्हणून बघितलं तरी सुंदर. आणि हे माझ्या मुलाच्या हाताखालचं!

पण सुंदर होऊन काय उपयोग. दिवाळी पाच आठवड्यांवर. ह्यांच्याशी दोनदा बोलायला गेले, दोनदा तोंडातून भाजीचंच निघालं.

दसरा

कसं लिहू.

दरवर्षीसारखी ह्यांनी पाटावर हत्यारं मांडली. घासायच्या फायली, छिन्नी, हातोडी, आणि लाल कापडातला व्हर्नियर — केसाएवढं मापणारं ते मोजमाप, घरात कुणी त्याला शिवायचं नाही. मी माझी कात्री ठेवली, मशीनला हार घातला. आणि मग मनाचा हिय्या करून खणातून विमान काढलं आणि पाटाच्या कोपऱ्यात ठेवलं.

हे बघत राहिले. कुठून आलं विचारलं नाही. एकेका हत्याराला हळदकुंकू लावत बोट विमानाच्या नाकापाशी आलं, थांबलं, आणि पुढच्या फायलीकडे गेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातोडीला कुंकू चालतं आणि ज्यावर मुलगा राबतो त्याला नाही? मीच विमानाला हळदकुंकू लावलं. झेंडू ठेवला. आणि ह्यांना दिसेल असं, मुद्दाम, निरांजन उचलून त्याच्या पंखाशी ठेवलं. सगळा उजेड तिथेच पडू दे! आणि पुऱ्या तळायला आत गेले.

वास आला तेव्हा उशीर झाला होता. डावा पंख वितळून खाली लोंबलेला, टोक निरांजनातल्या तुपात. माझा केशरी-पांढरा-हिरवा गोल लांबट होऊन गेलेला. एमिलिया सोनं द्यायला आली होती, ती दारातच थांबली.

माझ्याच हाताने. माझ्याच हट्टाने. पुऱ्या जळल्या तरी मी पाटासमोरून उठले नाही. रडले, ह्यांच्यादेखत.

ह्यांनी निरांजन बाजूला केलं, विमान दोन्ही हातांत उचललं आणि गार व्हायला खिडकीत ठेवलं.

दसऱ्याचा दुसरा दिवस

कामावरून आले, चहा घेतला, आणि लाल कापडातला व्हर्नियर काढला! विमानाच्या उजव्या पंखाला लावला. लांबी, रुंदी, जाडी, टोकाची, मुळाची. सिगारेटच्या पाकिटावर आकडे लिहिले. मग मला विचारलं, "ह्या घासला कोणी?"

मी, म्हटलं.

"बरा घासलंस. पाव सूत जास्ती गेला."

पंचवीस वर्षांत ह्यांनी केलेली ही दुसरी तारीफ. पहिली सोलकढीची होती.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज एक गोष्ट कळली. मी ह्यांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. रोज डबा भरून दिला, तेलकट कपडे धुतले, आणि हा माणूस तिथे दिवसभर करतो काय ते मला ठाऊक नव्हतं. कारखान्यात कोण बायको जाते?

कारखान्याच्या भंगारातून अॅल्युमिनियमचा एक तुकडा आणलाय. खऱ्या विमानाचा पंख याचाच असतो, म्हणाले. वितळलेला पंख मुळापासून करवतीने कापला. मी डोळे मिटले. मग तुकडा शेगडीच्या कट्ट्यावर आवळून हे फाइल चालवायला लागले. मोठी, मग मधली, मग उंदराच्या शेपटीसारखी बारीक. चार घास मारायचे, व्हर्नियर लावायचा. दोन घास, व्हर्नियर. खांदे हलत नव्हते, नुसती मनगटं. फाइल परत येताना धातूला टेकत नव्हती. मी समोर तांदूळ निवडत बसले होते, ते निवडायचेच राहिले.

गोंद धातूला धरणार नाही हे ह्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पंखाच्या मुळाला दोन बारीक भोकं, अंगाला दोन भोकं, आणि मध्ये माझ्या मशीनच्या मोडक्या सुयांचे तुकडे. दाबलं. टक्. हलवून बघ म्हणाले. मी हलवलं. हलेना! रंग चढला की उजवा पंख कुठला आणि डावा कुठला, डोळे मिटून बोट फिरवलं तरच कळेल — डावा गार लागतो.

असा हात! असा हात असलेला माणूस एवढ्याशा शब्दाला का अडून बसतो, देव जाणे.

१८ ऑक्टोबर

नव्या पंखाला रंग दिला, गोल पुन्हा उठवले. हे शेजारी येऊन बसले. चष्मा पुसला. आत बसलेला शेंगदाणा निरखत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्येच्यात आपलो झील खंय बसता?"

झील. मुलगा. दोन वर्षांनी पहिल्यांदा. मी ब्रश खाली ठेवला. म्हटलं, तो आत बसत नाही, बाजूला असतो. शिडी लावतो, डाव्या अंगाला. आणि एमिलियाकडून पत्रं आणून वाचून दाखवली. सगळी. पट्टे आवळतो ते, काच पुसतो ते, आणि शेवटी ती दिवाळीची ओळही. हे खाली मान घालून ऐकत होते. एका जागी म्हणाले, पुन्हा वाच. शिडीची जागा.

२० ऑक्टोबर

ह्यांच्या हातची पितळेच्या तारेची शिडी. डाग देऊन जोडलेली, पायऱ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या. आणि पायरीवर एक माणूस, काडेपेटीच्या काडीच्या निम्म्यानेही नाही, पितळेतून घासून काढलेला, एक हात काचेकडे. नाक-डोळे नाहीत, पण उभं राहण्याची ढब चंदूची. कशी आणली? दोन वर्षं तोंड पाहिलं नाही, तरी पाठ ध्यानात होती.

मग एक कार्ड मागितलं. लिहिलं, शाई वाळेपर्यंत हातात धरलं, आणि माझ्याकडे दिलं. 'दिवाळीक घराक ये. विमान तयार आसा. तुझो बाप.'

मी धावत जाऊन पेटीत टाकलं. पोस्टाच्या पेटीलाही नमस्कार केला, लोक बघत होते तरी!

३१ ऑक्टोबर

आला! अंगाने भरलाय, मिशी ठेवलीय. ह्यांनी पेटी त्याच्या हातातून घेतली, ती घ्यायची घाई मी पाहिली.

मग विमान. ह्यांनी सगळं समजावून सांगितलं, सुया, गोराईचं शिसं, माझे कुंकवाचे छाप. एवढे शब्द मी ह्यांच्या तोंडून वर्षात ऐकले नव्हते. चंदू शिडीवरच्या माणसाकडे फार वेळ बघत होता. मग 'छान आहे' म्हणाला आणि विहिरीवर हातपाय धुवायला गेला.

मला जरा लागलं. एवढंच? छान आहे?

२ नोव्हेंबर

दोन दिवस हे गावठाणभर सांगत सुटलेत. इसिडोरला घरात बोलावून दाखवलं: ह्यो माझो झील, ह्येच्याशिवाय विमान उडणा नाय. चंदू खाली बघतो. ताटातलं टाकतो. मी विचारलं, बरं नाही का? काही नाही, म्हणाला.

३ नोव्हेंबर

आज सकाळी चंदूने ह्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं. तो शिडी लावत नाही. विमानाला त्याने एकदाही हात लावलेला नाही. त्याला आचारी म्हणून घेतलं, मेसमध्ये दीडशे माणसांचं रांधतो. पत्रातलं सगळं जेवायला येणाऱ्या मेकॅनिक लोकांकडून ऐकलेलं. बाबांना काय तोंड दाखवू म्हणून लिहीत गेला.

ह्यांनी शिडीवरच्या माणसाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मगे आज जेवाण तू कर."

चंदूने मला शेगडीजवळ येऊ दिलं नाही. भात, आणि आमच्याकडे कधी न शिजलेली काळी डाळ. हे खाली मान घालून जेवले. सगळं पुसून खाल्लं. आणि ताट चंदूपुढे धरून म्हणाले, "वाढ."